आपल्याच माणसांची फाईल

थोडी मोठी पोस्ट आहे. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा आणि रात्री निवांत वाचा. अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढीच विनंती.

परवा पॅसेंजरनं जयसिंगपूरहून कोल्हापूरला निघालो होतो. रुकडी गेलं, वळिवडे आलं. गाडी थांबली. समोरच्या बाकावर कॉलेजची दोन पोरं बसली होती. एकानं विचारलं, "हितं काय असतंय रे?" दुसरा म्हणाला, "गांधीनगर. कापडं स्वस्त मिळत्यात."

पोराचं काही चुकलं नाही. मलाही तिशी ओलांडेपर्यंत एवढंच माहीत होतं. पण या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचं एक अख्खं गाव वसलेलं होतं. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. १९४० साली सोव्हिएत फौजेनं त्यांना घरातून उचलून मालगाड्यांत कोंबलं आणि सैबेरियात नेऊन टाकलं. पुढं राजकारण फिरलं, सुटका झाली. इराणमार्गे फिरत फिरत ही माणसं आपल्या पंचगंगेच्या काठाला येऊन पोचली. इथं त्यांनी शाळा काढल्या, नाटकं केली, चर्च उभं केलं. युद्ध संपल्यावर त्यातल्या कित्येकांना परत जायला देशच उरला नव्हता, कारण ज्यांनी घरातून उचललं त्यांच्याच मर्जीतलं सरकार आता तिथं बसलं होतं. मग कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला. त्यांच्या मोकळ्या बराकींत फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं राहायला आली. गांधीनगर ते असं.

सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री कोल्हापूरला आले होते. वळिवड्याच्या छावणीत लहानपण घालवलेली काही म्हातारी माणसंही त्या निमित्तानं आली. मी बातमीसाठी गेलो होतो. त्या गर्दीत त्यांच्या बरोबरच्या एका माणसाशी गप्पा झाल्या. माझं इंग्रजी मोडकं, त्याचंही मोडकं, त्यामुळं जमलं. तो क्राकुफचा. मी पत्रकार आहे म्हटल्यावर म्हणाला, आमच्याकडं एक फादर आहेत, त्यांच्याबद्दल वाच, तुझ्या कामाचं आहे. माझ्या वहीत त्यानं नाव लिहून दिलं. एवढं अवघड नाव की मी ते पानच फाडून पाकिटात ठेवलं.

तादेउश इसाकोविच-झालेस्की.

पाकिटातली ती चिठ्ठी वर्षभर तशीच राहिली. लॉकडाऊनमध्ये पेपर बंद, पगार अर्धा, तेव्हा वाचायला सुरुवात केली. आज त्या माणसाबद्दल लिहितोय. आणि शेवटी स्वतःबद्दलही लिहिणार आहे, ते जास्त अवघड आहे.

मराठी माणसाला 'फादर' म्हटलं की वसईचे दिब्रिटो आठवतात. झाडासाठी, विहिरीसाठी रस्त्यावर उतरणारे, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले. इसाकोविच-झालेस्की हे तसेच, नुसती प्रार्थना सांगून घरी न जाणारे. जन्म १९५६, क्राकुफचा. तेव्हाच्या कम्युनिस्ट पोलंडमध्ये पाद्री व्हायला निघालेल्या पोरांना मुद्दाम सैन्यात भरती करून घेत. त्यांच्यासाठी वेगळ्या पलटणीच होत्या. हेतू असा की दोन वर्षं रगडलं, राजकीय वर्ग घेतले, की पोरगं हा नाद सोडून देईल. हेही तशा पलटणीत राहून आले. १९८३ मध्ये पाद्री झाले आणि नोव्हा हुतामध्ये कामगारांच्यात मिसळले.

नोव्हा हुता समजून घ्यायला पाहिजे. क्राकुफच्या कडेला पोलादाचा प्रचंड कारखाना आणि त्याच्या भोवती वसवलेलं नवंकोरं गाव. कामगारांचं आदर्श शहर. त्यात शाळा होत्या, दवाखाने होते, चर्च मात्र ठेवलं नव्हतं. १९६० साली कामगारांनी रोवलेला लाकडी क्रूस काढायला सरकारी माणसं आली तेव्हा बायकाच पुढं झाल्या आणि दंगल पेटली. चर्च उभं राहायला त्यानंतर सतरा वर्षं लागली. १९७७ मध्ये त्याचं उद्घाटन केलं ते क्राकुफचे कार्डिनल कारोल वोयतिवा यांनी. पुढच्याच वर्षी ते पोप जॉन पॉल दुसरे झाले.

अशा गावात हे तरुण फादर सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेच्या बाजूनं उभे राहिले. ऑक्टोबर १९८४ मध्ये तोरुनजवळ फादर येझी पोपिएउश्को यांना गुप्त पोलिसांच्या अधिकाऱ्यांनी पळवून नेऊन मारलं आणि प्रेत नदीच्या धरणात टाकलं. हे प्रकरण जगभर गाजलं. चार अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. त्यानंतर सहाच महिन्यांत, १९८५ च्या ईस्टरच्या आदल्या दिवशी इसाकोविच-झालेस्कींवर हल्ला झाला. अंगावर भाजल्याच्या जखमा झाल्या. सरकारी वकिलांनी सांगितलं, या माणसाला फिट येते, त्यानं स्वतःच भाजून घेतलं असणार. फाईल बंद. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा हल्ला. या वेळी मारणारे रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांच्या वेशात आले होते.

यातून ते वाचले. १९८७ मध्ये त्यांनी मित्रांबरोबर एक संस्था काढली. क्राकुफजवळच्या राद्वानोवित्से गावात मतिमंद माणसांसाठी घर उभं केलं आणि तिथंच राहायला लागले. १९८९ मध्ये राजवट कोसळली. गोष्ट इथं संपली असती तर शाळेच्या पुस्तकात धडा म्हणून शोभली असती. जुलूम झाला, माणूस टिकला, विजय झाला, पुढं सेवाकार्य.

पण गोष्ट इथं सुरू होते.

पोलंडमध्ये राष्ट्रीय स्मृती संस्था नावाची सरकारी संस्था आहे. जुन्या गुप्त पोलिसांच्या ज्या फायली शिल्लक राहिल्या त्या तिच्याकडं आहेत. शिल्लक म्हणायचं कारण, १९८९ च्या शेवटी आणि १९९० च्या सुरुवातीला पोलिसांनी ढिगानं कागद जाळले. चर्चवर पाळत ठेवणाऱ्या खात्याचे तर फारच. तरी बरंच वाचलं. ज्याच्यावर पाळत होती त्याला आपली फाईल बघता येते. २००५ मध्ये या फादरांनी आपली फाईल मागितली.

ही फाईल काय चीज होती बघा. १९६० च्या दशकापासून पोलंडमध्ये प्रत्येक पाद्रीची स्वतंत्र फाईल असे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. पोरगं पाद्री व्हायच्या शाळेत नाव घालायला गेलं की फाईल उघडली. घर कसं आहे, बापाला दारू आहे का, भाऊ कुठं नोकरीला, कुणाशी पत्रव्यवहार, कुठली पुस्तकं वाचतो, पैशाला हपापलेला आहे का, कुणा बाईकडं जाणं-येणं आहे का. मरेपर्यंत फाईल चालू. हे सगळं एका दिवशी उपयोगी पडावं म्हणून. रोमला शिकायला जायचंय? पासपोर्ट गृहखात्याकडून मिळणार, मग या ऑफिसात, बसा, कॉफी घ्या, थोडं बोलू. चर्चचं छप्पर गळतंय? परवानगी पाहिजे, सिमेंट पाहिजे, बसा, थोडं बोलू. एखादं लफडं हाती लागलं असेल तर मग बोलण्याचा सूरच वेगळा.

आपल्याकडं तालुक्याच्या कचेरीत ज्यानं कधी दाखल्यासाठी हेलपाटे मारलेत, त्याला हे 'बसा, थोडं बोलू' समजायला पोलंडला जावं लागत नाही.

तर फादरांनी फाईल उघडली. आपल्यावर पाळत ठेवणारे अधिकारी त्यात असणार हे त्यांना माहीतच होतं. पण माहिती पुरवणारे जे होते, टोपणनावांनी नोंदवलेले, त्यात त्यांच्याच पेशातली, एकाच टेबलावर जेवलेली माणसं निघाली.

इथं एक फाटा फुटतो, आणि माझ्या मते सगळी गोष्ट या फाट्यावर आहे. छळ झालेल्या पाद्र्यांचा इतिहास लिहिणं हे काम सोपं नसलं तरी त्याला विरोध कुणाचा नसतो. उलट कौतुक होतं. स्वतः पोप जॉन पॉल यांनी १९९४ मध्ये सांगितलं होतं की विसाव्या शतकात श्रद्धेसाठी ज्यांनी प्राण दिले त्यांची नोंद ठेवा, ती हरवू देऊ नका. जगभर याद्या केल्या गेल्या. पोलंडकडं तर यादीची कमी नव्हती. हिटलरच्या डाखाव छळछावणीत जे पाद्री कोंबले होते त्यांच्यात सर्वांत जास्त पोलिश होते, सतराशेहून अधिक. त्यातले निम्म्याच्या आसपास मेले. मग स्टालिनचा काळ. जानेवारी १९५३ मध्ये क्राकुफच्याच चर्चच्या लोकांवर हेरगिरीचा खटला चालला आणि तिघांना फाशी सुनावली. ती पुढं जन्मठेपेवर वगैरे आली. त्याच वर्षी देशाचे सर्वोच्च धर्मगुरू कार्डिनल वीशिन्स्की यांना उचललं आणि तीन वर्षं डांबून ठेवलं. आणि अगदी शेवटी, राजवट मोडकळीला आली असताना, १९८९ या एका वर्षात तीन पाद्री संशयास्पद रीतीनं मेले. निएझिएलाक, सुखोवोलेत्स आणि झिख. मारेकरी आजतागायत सापडले नाहीत.

हे सगळं लिहा, छापा, पुतळे उभारा. कुणी अडवणार नाही.

पण जो नीट शोधतो त्याला प्रश्न पडतोच की अमक्या दिवशी अमक्या चर्चच्या मागच्या खोलीत चारच माणसं होती, मग त्यांचं बोलणं दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या कागदावर कसं आलं? छळाचा इतिहास शोधायला निघालेला माणूस प्रामाणिक असेल तर अर्ध्या वाटेवर आपल्याच घराच्या दाराशी येऊन उभा राहतो. तिथून बहुतेक लोक परत फिरतात. हे फादर आत गेले.

त्यांनी फक्त आपल्या फाईलवर न थांबता क्राकुफ धर्मप्रांताच्या फायली वाचायला घेतल्या. २००६ च्या वसंतात बातमी फुटली की हा माणूस नावं जाहीर करणार आहे. मे महिन्याच्या शेवटी पत्रकार परिषद ठरली. पण क्राकुफचे कार्डिनल स्तानिस्लाव जीविश यांनी नावं जाहीर करायला मनाई केली. जीविश म्हणजे साधा माणूस नव्हे. जॉन पॉल यांचे आयुष्यभराचे सचिव. पोप वारून वर्षच झालं होतं आणि सगळा देश त्या दुःखात होता. देशाचे ज्येष्ठ कार्डिनल ग्लेम्प यांनी तर या फादरांची तुलना जुन्या गुप्त पोलिसांशीच केली. म्हणजे ज्याला त्या पोलिसांच्या राज्यात बेदम मार बसला, तोच आता पोलीस ठरला.

फादर गप्प बसले का? आज्ञा पाळली, नावं त्या दिवशी सांगितली नाहीत. काम मात्र सोडलं नाही. आणि ते काम कसं केलं हे आम्हा बातमीदारांनी वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे. ज्यांची ज्यांची नावं फायलीत खबरी म्हणून होती आणि जे हयात होते, त्यांना त्यांनी पत्रं पाठवली. तुमच्याबद्दल असा असा कागद आहे, तुमचं म्हणणं काय? काहींनी उत्तर दिलं, काहींनी दिलं नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये पुस्तक आलं. गुप्त पोलिसांपुढं क्राकुफचे पाद्री कसे वागले, हा विषय. तीसहून अधिक जणांची नावं खबरी म्हणून त्यात होती.

पण पुस्तकाचा मोठा भाग खबऱ्यांवर नाहीच, हे त्यांचे विरोधक सांगत नाहीत. मोठा भाग आहे तो न वाकलेल्यांवर. ज्यांना बोलावलं, धमकावलं, आमिष दाखवलं, आणि ज्यांनी सही केली नाही. बहुतेकांनी केली नाही. कुणी पासपोर्टावर पाणी सोडलं, कुणी गळक्या छपराखाली प्रार्थना घेतली. आणि हीच त्या माणसाची मुख्य बाजू होती. तुम्ही सगळ्यांवर एकच पांघरूण घातलंत तर सही करणारा आणि न करणारा दोघं सारखेच दिसतात. ज्यानं किंमत मोजली त्याची किंमत तुम्ही शून्य करता.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो. कारण आपल्याकडं पांघरुणाचा धंदा जोरात आहे. चळवळीत, पक्षात, जातीत, देवस्थानात, आणि आमच्या पेपरच्या ऑफिसातही.

आता विरोधकांचं म्हणणंही नीट सांगतो, कारण ते फालतू नव्हतं. ते म्हणत, या फायली लिहिल्या कुणी? पोलिसांनीच ना? साहेबाला खूश करायला कुठलाही फौजदार खबऱ्यांची संख्या फुगवून दाखवतो. एखाद्या पाद्र्यानं पासपोर्टसाठी दोन वेळा कॉफी घेतली, त्याला न कळवता यांनी खबरी म्हणून नोंदवलं असेल. ज्यांनी आमचा छळ केला त्यांच्याच कागदावर विश्वास ठेवून तुम्ही आमचा न्याय करणार? शिवाय कागद जळालेत. ज्याची फाईल जळाली तो संत, ज्याची उरली तो चोर?

पंचनामे वाचण्यात माझी वीस वर्षं गेली. पोलिसांच्या कागदात काय काय असतं ते मला ठाऊक आहे. दोन पंच जागेवर नसताना सह्या असतात. त्यामुळं हा आक्षेप मला पटतो. पण त्यावरचा इलाज कागद कुलपात ठेवणं हा नाही. एक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून बघायचा, माणसाला विचारायचं, त्याचं म्हणणं बरोबर छापायचं, हा इलाज आहे. कुलूप लावलं तर काय होतं तेही पोलंडनं त्याच महिन्यांत बघितलं. डिसेंबर २००६ मध्ये वॉर्साच्या आर्चबिशपपदी व्हिएल्गुस यांची नेमणूक झाली. एका साप्ताहिकानं छापलं की यांचे गुप्त पोलिसांशी संबंध होते. आधी इन्कार, मग कागद बाहेर, मग कबुली. ७ जानेवारी २००७ रोजी ज्या कॅथेड्रलमध्ये थाटामाटात पदग्रहण व्हायचं, तिथंच भर प्रार्थनेत त्यांना राजीनामा वाचावा लागला. खाली लोक ओरडत होते, जाऊ नका म्हणून. दुसऱ्या दिवशी क्राकुफच्या वावेल कॅथेड्रलच्या प्रमुखांनीही पद सोडलं. फादरांचं पुस्तक त्यानंतर दोन महिन्यांच्या आत आलं. चर्चनं हेच काम स्वतःहून, सावकाश, दोन्ही बाजू ऐकून दहा वर्षं आधी केलं असतं तर? आपण झाकतो तेव्हा खरं बाहेर यायचं थांबत नाही. ते आपल्या हातून न येता दुसऱ्याच्या हातून येतं, आणि त्याला जी वेळ सोयीची त्या वेळी येतं.

आणखी एक गोष्ट, आम्हा लिहिणाऱ्यांसाठी. १९५३ च्या त्या क्राकुफच्या खटल्यात तीन जणांना फाशी सुनावली तेव्हा शहरातल्या त्रेपन्न लेखकांनी एका ठरावावर सह्या केल्या. बाजू कुणाची? सरकारची. त्या सह्यांत एक तरुण कवयित्री होती, विस्लावा शिंबोर्स्का. पुढं १९९६ मध्ये नोबेल मिळालेली. मराठीत तिच्या कवितेचे किती चाहते आहेत मला माहीत आहे, मीही त्यातला. एक नाटककारही होता, म्रोझेक. दोघंही पुढं त्या राजवटीपासून दूर गेले, चांगलं लिहिलं, मोठे झाले. मी त्यांची पुस्तकं जाळा म्हणत नाही. पण ती सही होती, हे माहीत असायला पाहिजे. पोलिसांकडं जाऊन कुजबुजणारा खबरी आणि उघड सही करणारा लेखक, दोघांनाही त्या वेळी वाटलं असेल की आपण फार काही केलं नाही.

हे फादर जानेवारी २०२४ मध्ये गेले. वय ६७. शेवटपर्यंत राद्वानोवित्सेच्या त्या घरासाठी झटत राहिले. त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. दुसऱ्या महायुद्धात युक्रेनी राष्ट्रवाद्यांनी पोलिश गावांत केलेल्या कत्तलींवर ते आयुष्यभर लिहीत राहिले. ते बरोबरच. पण आजच्या युक्रेनबद्दल त्यांची भाषा कधी कधी फार कडक व्हायची, असं त्यांचे मित्रही म्हणत. जिभेला हाड नसलेला माणूस. पण अशा कामाला गोड माणूस चालतही नाही बहुधा.

आता माझं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. आमच्या भागात एक पतसंस्था होती. संस्थेचे कर्तेधर्ते म्हणजे आमचे सर. नाव लिहीत नाही. चळवळीतलं माणूस, खादीचा झब्बा, सायकल. आणीबाणीत आत जाऊन आलेले. माझे वडील सूतगिरणीत, घरात पैसा नाही, तेव्हा पत्रकारितेच्या पदविकेची माझी फी या सरांनी भरली होती. हे आधी सांगितलं पाहिजे.

एक दिवस संस्थेतल्याच एका कारकुनानं लेखापरीक्षणाच्या अहवालाची झेरॉक्स माझ्या हातात ठेवली. संचालकांच्या पाहुण्यारावळ्यांना विनातारण कर्जं. वसुली नाही. काही कर्जदार तर त्या पत्त्यावर राहतच नव्हते. सरांनी स्वतः एक रुपया खाल्ला नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पण सह्या त्यांच्याच होत्या. सगळं माहीत होतं त्यांना.

मी बातमी लिहिली. पण छापायच्या आधी त्यांची प्रतिक्रिया घ्यायला पाहिजे म्हणून घरी गेलो. सरांनी अहवाल बघितला, चष्मा काढला. म्हणाले, "तालुक्यात आपल्या विचाराची एवढी एकच संस्था उभी आहे. तू लिहिलंस तर तिकडचे फटाके उडवतील. त्यांच्या हातात कोलीत द्यायचं आहे का तुला? मला सहा महिने दे, मी सगळं निस्तरतो." बाईंनी पोहे केले होते. ते खाल्ले आणि परत आलो.

प्रतिक्रिया घ्यायला गेलो आणि बातमीच देऊन आलो.

झेरॉक्स माझ्या टेबलाच्या खणात आठ महिने होती. आठ महिन्यांनी एका सोमवारी संस्थेचं शटर उघडलंच नाही. मग प्रशासक, मग मोर्चे, मग तारखा. तेव्हा मी बातम्या दिल्या, भरपूर दिल्या. सर पुढच्या दोन वर्षांत खचून गेले आणि वारले. त्यांच्या शोकसभेत मी बोललोही. अहवालाबद्दल नाही बोललो.

आमच्या मागच्या गल्लीत एक काकू आहेत. काका सूतगिरणीतून बाहेर पडताना मिळालेले पंच्याऐंशी हजार त्या संस्थेत ठेवले होते. सरांच्या शब्दावर. शटर पडायच्या तीन महिने आधी शेवटचे दहा हजार त्यांनी भरले, कारण व्याज चांगलं होतं. त्या तीन महिन्यांत माझा खण बंद होता.

क्राकुफच्या फादरांचं वाचल्यापासून हे मला झोपू देत नव्हतं. त्यांनी पत्रं लिहून विचारलं होतं, तुमचं म्हणणं काय. मला कुणी विचारलंच नाही, कारण माझी फाईल कुणाकडं नाही. आपली फाईल आपल्यालाच उघडावी लागते, नाहीतर ती जळून जाते.

परवा कोल्हापूरहून आलो तो थेट काकूंच्या दारात गेलो. शेंगा फोडत बसल्या होत्या. सगळं सांगितलं. अहवाल, खण, आठ महिने, पोहे. त्या ऐकत राहिल्या. हात थांबले नाहीत.

मग म्हणाल्या, "सर वंगाळ न्हवतं रं."

म्हटलं, "नव्हते काकू."

"आन तूबी न्हाईस." थोडा वेळ गेला. "पर तवा बोलला असतास तर माजं धा हजार तरी ऱ्हायलं असतं."

यावर मला काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही. संस्था वाचली असती असं मी म्हणत नाही. सरांचं नाव वाचलं असतं का, तेही माहीत नाही. पण मी सरांना वाचवायला म्हणून गप्प बसलो आणि त्यांनाही वाचवलं नाही, काकूंनाही नाही. जे 'तिकडचे' फटाके उडवणार होते त्यांनी आठ महिन्यांनी दुप्पट उडवले.

ही पोस्ट टाकल्यावर काय होणार हे मला माहीत आहे. एक गट म्हणेल, बघा चर्चमध्ये काय चालतं. दुसरा म्हणेल, बघा कम्युनिस्ट कसे असतात. तिसरा म्हणेल, बघा चळवळवाल्यांच्या संस्था. प्रत्येकाला दुसऱ्याची फाईल हवी असते. इसाकोविच-झालेस्कींनी अंगावर मार घेतला होता, त्यांना कम्युनिस्टांची पापं सांगत आयुष्यभर सत्कार घेता आले असते. त्यांनी आपल्या घरातली फाईल उघडली, आणि ती उघडताना आपल्याच न वाकलेल्या माणसांचा मान राखला. एवढ्यासाठी मला तो माणूस मोठा वाटतो.

म्हणून कमेंटमध्ये एकच मागणं आहे. दुसऱ्याच्या घरातलं सांगू नका, ते सगळ्यांना पाठ आहे. आपल्या बाजूचं, आपल्या माणसाचं, जे माहीत असून बोलला नाहीत असं काही असेल तर तेवढं लिहा. नाव लिहायची गरज नाही. लिहिता येत नसेल तर ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात जाऊन सांगा.

काकूंनी येताना मूठभर शेंगा दिल्या. खिशात घालून घरी आलो आणि ही पोस्ट लिहायला बसलो.